बघून लिहिलेल्या सडका

सोयाबीन रस्त्यावर आलं की आमच्याकडे सुगी आली असं खुशाल समजावं. लातूरहून नांदेडकडे निघालं की चाकूरच्या पुढे डांबराच्या कडेने पिवळट-करडा पट्टा सुरू होतो. कुणी दाणे वाळत घातलेले, कुणी ढिगावर ताडपत्री ओढलेली, आणि आतल्या लहान सडकांवर तर काड सरळ चाकांखालीच पसरलेलं. मळणी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टायरांनी करावी आणि आपण लिंबाखाली बसून चहा प्यावा, असा साधा व्यवहार. हे कायद्यात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि दरसाल ते चालतं. टायरखाली शेंगा फुटतात, भुसा काचेवर उडतो, आणि तो कोरडा, जरासा करपट वास गाडीत शिरला की मी पाय आपोआप ब्रेकवर ठेवते.

परवा अशीच निघाले होते. फोनमधली बाई म्हणाली, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. डावीकडे वळायच्या जागी कमरेइतका ढीग, ढिगाला टेकून एक म्हातारबा बसलेले, आणि त्यांच्यामागे शेळी. बाई पुन्हा म्हणाली, वळा. मी म्हटलं, "तू ये आणि वळवून दाखव." म्हातारबांना वाटलं मी त्यांनाच बोलले. ते उठून म्हणाले, "ताई, इकून न्हाई जमायचं. फुडच्या पुलावून घ्या, आठ रोज ही सडक आमचीच हाय." बाईला आभाळातून सगळं दिसतं म्हणे. पण आठ दिवस सडक कोणाची आहे हे तिला कोण सांगणार!

असं काही झालं की मला मामांची आठवण येते. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. तीस वर्षं त्यांनी सरकारी जीप चालवली. गाडीत मागे बसायचे ते सडकांची पाहणी करणारे साहेब. साहेब तीन वर्षांनी बदलून जायचा, ड्रायव्हर तोच राहायचा. त्यामुळे नव्या साहेबाला कोणता नाला कधी अडवतो, कोणत्या गावात पंक्चर निघतं, कुठला चौकीदार कुलूप लावून लग्नाला गेलेला असतो, हे मामांनीच सांगायचं. "नकाशा साहेबाच्या मांडीवर, अन् साहेब इचारून राहिला मला," असं ते हसत सांगायचे. निवृत्त झाले तेव्हा तीच जीप लिलावात निघाली आणि मामांनी ती घेतली. सासूबाई म्हणायच्या, "लोक रिटायर होऊन घरी येतेत, ह्यांनी येताना सवत आणली."

जीपच्या डिकीत एक पुस्तक होतं. कचेरीच्या रद्दीतून वाचवलेलं, पुठ्ठा गेलेला, वाळवीने कोपरे खाल्लेले. निजामाच्या काळातली मोटारवाल्यांसाठीची वाटपोथी, उर्दूत. मामा लहानपणी उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे ते भराभर वाचायचे आणि मला मराठीत सांगायचे. या मैलाला ओढा आहे, पूल नाही. पाणी गुडघ्यापर्यंत असेल तर बैलजोडी मागवावी. अमुक गावी बाजारात किराणा दुकानात पेट्रोलचे डबे मिळतील, पण शुक्रवारी दुपारी दुकान बंद. चिंचांच्या रांगेपासून दोन फर्लांगांवर मुसाफिरखाना, विहिरीचं पाणी गोड. मी भूगोल घेऊन बी. एड. झालेली. मी आधी विचारलं, "मामा, ह्यात नकाशा कुठाय?" ते म्हणाले, "नकाशा न्हाई. ह्यात कोणीतरी बोलून राहिलंय. ऐकायचं."

पुढे भूगोल शिकवताना मला कळलं की ते खरंच होतं. मोटारी आल्या तेव्हा सडका होत्या, पण सडकांना ना नंबर होते ना पाट्या. मोटारवाल्यांची पहिली पुस्तकं म्हणजे नुसती वाक्यं होती. लाल कोठारापाशी डावीकडे घ्या, चर्चपासून उताराला लागा. फ्रान्समध्ये एका टायरवाल्याने असलं पुस्तक फुकट वाटलं. लोक फिरतील तर टायर झिजतील, झिजतील तर विकत घेतील. हेतू सरळ होता, पण त्या निमित्ताने पेट्रोल कुठे, दुरुस्ती कुठे, रात्री पाठ कुठे टेकायची हे छापून आलं. अमेरिकेत कुणी दर वळणाचा फोटो काढून त्यावर बाण छापले. कुणी सडकेची लांबच लांब पट्टी करून ती रिळावर गुंडाळली. गाडी पुढे जाईल तशी पट्टी फिरवायची. मग पेट्रोल विकणाऱ्यांनी घडीचे नकाशे फुकट द्यायला सुरुवात केली आणि बोलणारी पुस्तकं मागे पडली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या मोटारवाल्यांच्या मंडळांनी सभासदांसाठी वाटपोथ्या छापल्या, कुठे नदी उतरायची आणि कुठे डाकबंगला आहे ते सांगणाऱ्या. त्या लिहिणाऱ्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. पण त्यातला प्रत्येक जण त्या उन्हात त्या ओढ्यापाशी एकदा उभा राहिला होता, एवढं नक्की.

मामांना तसंच पुस्तक करायचं होतं. आपल्या इलाक्याचं, आताच्या सडकांचं, मराठीत. माझं लग्न होऊन मी नांदेडला आले तेव्हा तीन वह्या भरून झाल्या होत्या. सगळं आठवणीतून. तीस वर्षं त्याच सडका तुडवलेल्या, मग बघायला कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. कुणी पाहुणा परगावी निघाला की मामा वहीतलं पान उतरवून त्याच्या खिशात घालणार. पाहुण्याला नको असलं तरी!

मलाही एक पान मिळालं. देगलूरच्या पलीकडे, सीमेलगतच्या एका गावातल्या शाळेत माझी मुलाखत होती. भूगोलाची जागा, तीही कायमची. अशी जागा त्या वर्षी दुसरीकडे कुठे निघालीच नव्हती. आमच्या ह्यांच्या मोटारसायकलवर आम्ही पहाटे निघालो. देगलूरपर्यंत सगळं पानाबरहुकूम. पुढे लिहिलेलं, "चुन्याचा पट्टा मारलेला वड लागला की उजवीकडे." वड काही लागेना. आम्ही पुढे गेलो, मागे आलो, पुन्हा पुढे गेलो. मग आमच्या ह्यांनी माणसांना विचारायला सुरुवात केली, "ही सडक त्या गावाला जाते ना?" पहिला म्हणाला, हाव. दुसरा म्हणाला, हौदु. तिसरी एक म्हातारी, ती म्हणाली, अवुनु. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही भाषांत आम्हाला होकार मिळाला, आणि आम्ही पोचलो भलत्याच गावी. मुलाखतीच्या शाळेत पाऊल टाकलं तेव्हा शिपाई खुर्च्या आत नेत होता.

वड दोन वर्षांपूर्वीच रस्ता रुंद करताना पडला होता.

घरी येऊन मी मामांना वडाचं सांगितलं. बाकीचं सगळं माझं तोंडच सांगत होतं. ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून त्यांनी तिन्ही वह्यांच्या पानापानावर आडवी रेघ मारली. हळू नाही, रागानेही नाही. पान उलटायचं, रेघ मारायची. मग मला हाक मारली.

"वंदना, नवी वही आण. आता डोळ्यानं बघितल्याबिगर एक अक्षर लिहायचं न्हाई."

"तुम्ही बघा, मी लिहिते," मी म्हटलं. घरात बसून दुसरं करायचं तरी काय होतं! नोकरी तर त्या वडाबरोबरच आडवी झाली होती.

त्याच आठवड्यात दवाखान्यात कळलं की मामांना काचबिंदू आहे, आणि तो बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी साफ सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही, थेंब चुकवू नका. काचबिंदूत आधी कडा जातात. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपलं सगळं ठीक आहे. मामा बाहेर आले आणि पायरीवर थांबले. आमचे हे त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर ते म्हणाले, "दसरा कव्हा हाय?" दसरा पाच दिवसांवर होता. "मग दसऱ्याला निघू. सुगी सरायच्या आत सगळ्या सडका झाल्या पायजेत."

त्या सुगीचा विचार केला की मला पहिल्यांदा जीपच्या नाकावरचा झेंडूचा हार आठवतो. दसऱ्याला बांधलेला, पुढे सुकून कडक झाला तरी मामांनी काढू दिला नाही. तेव्हा सोयाबीन आमच्याकडे नुकतंच आलं होतं. सडकेवर असायची ती हायब्रीड ज्वारीची कणसं, उडीद, नंतर थंडीत तूर. तुरीच्या काड्या चाकात अडकून टकटक वाजायच्या. जीपला दारं नव्हती, ताडपत्री होती, ती फडफडायची. माझ्या मांडीवर वही, वहीला रबर, कानामागे पेन्सिल. दर मैलाच्या दगडापाशी थांबायचं. तसे दगड आता किलोमीटरचे होते, पण मामा मैलाचेच म्हणायचे. मीटरचा आकडा टिपायचा, उतरून चारी दिशांना बघायचं, मग लिहायचं.

फाट्यावर विचारायचं कसं, याचा मामांचा कायदा होता. "ही सडक कंधारला जाती का, असं जन्मात इचारू नको. आपली माणसं लई मऊ. पाव्हण्याला न्हाई कसं म्हणावं, म्हणून हाव म्हंतेत. तू इचार, ही सडक कुठं जाती? मग त्येला सांगावंच लागतंय." मला ती तीन होकारांची सकाळ आठवली आणि हसू आलं. हे वाक्य आम्ही पुस्तकाच्या पहिल्या पानावर घातलं. आजही नव्या माणसाला मी हेच सांगते, आणि ते कधी खोटं पडलेलं नाही.

पंधरा दिवस मामांनीच गाडी चालवली. मला काळजी वाटायची, पण ते समोर बघून इतकं सरळ चालवायचे की मीच मनाला समजावायची. मग कंधारच्या सडकेवर ते झालं. एका बाजूला कणसं पसरलेली, कडेला एक बाई सूप घेऊन दाणे पाखडत बसलेली. मामा कणसांवरून गेले ते गेलेच, पण चाक कडेला आणखी हातभर गेलं. बाईने सूप टाकून उडी मारली. चाकाखाली सूप मोडलं, शेजारची पितळी घागर चेपली आणि पाणी सगळं दाण्यांवर. बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"डोळे हायत का गारगोट्या? एवढी मोठी बाई दिसंना तुम्हाला?"

मामा उतरले. मला वाटलं, सडक काय तुझ्या बापाची आहे का, असं काहीतरी बोलतील. तीस वर्षांच्या ड्रायव्हराला हे सहज सुचलं असतं. ते चेपलेल्या घागरीजवळ गेले, ती हाताने चाचपली आणि म्हणाले, "माय, मला समोरचं दिसतंय. बाजूचं दिसंना झालंय."

बाईचा आवाज खाली आला, पण प्रश्न तोच राहिला. "मग कामून चालवायलाव? माझ्या जागी लेकरू असतं तर?"

मामांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. मग ते जीपकडे आले, किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. मला तर सायकलसुद्धा नीट येत नव्हती! शेवटी त्या बाईचाच भाऊ ट्रॅक्टर सोडून आला आणि त्याने आमचीच जीप चालवत आम्हाला कंधारच्या स्टँडपर्यंत आणून सोडलं. आठ दिवसांनी आमचे हे नवी घागर आणि नवं सूप त्या बाईला देऊन आले.

घरी सगळ्यांना वाटलं, संपलं. आमचे हे वडिलांना म्हणाले, "दादा, आता बस झालं. जिवापेक्षा पुस्तक मोठं न्हाई." त्यांना नोकरीतून सुट्टी नव्हती, आणि भाड्याचा ड्रायव्हर म्हणजे तो दर दगडापाशी थांबणार नाही. मामा भाकरी कुस्करत होते. "ही शिकंल," ते म्हणाले. मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे बघितलं. सून जीप चालवणार म्हणजे गल्लीला महिनाभराची करमणूक. पण सासूबाई दुसऱ्या दिवशी बाजारात गेल्या आणि माझ्यासाठी सलवार-कमीजचं कापड घेऊन आल्या. "साडी कलचात अडकंल," एवढंच म्हणाल्या. सासरी आल्यापासून मी साडीशिवाय काही नेसले नव्हते.

एका मोकळ्या मैदानावर मामांनी मला शिकवलं. जीपचा क्लच दाबायचा म्हणजे जात्याचा खुंटा पायाने ढकलायचा. मी पहिल्या दिवशी तीन वेळा गाडी बंद पाडली आणि एकदा बाभळीत घातली. मामा शिकवताना ओरडत नसत. ते म्हणायचे, "तिला तुझी भीती वाटत न्हाई, तू कामून तिला भितीस?" रीतसर लायसन हातात येईपर्यंत माझा जीव वरखाली होत होता, कारण इकडे मामांची नजर रोज बोटभर आत सरकत होती. सकाळी ते अंगणात उभे राहून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवायचे. आधी पूर्ण महिना दिसायचा. मग एक आठवडा. मार्गशीर्षात एकच तारीख दिसायला लागली.

लायसन आलं त्याच दिवशी आम्ही निघालो. आता चाक माझ्या हातात, पाहणीही माझीच, आणि मामा शेजारी बसून विचारणार, "काय दिसतंय? उजवीकडं काय?" आणि इथे आमचं पहिलं भांडण झालं. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते आणि मला वेगळंच दिसत होतं. मामांच्या पानात पेट्रोल, हवा, पंक्चर, नाला, चढ, वळण. मी लिहायला लागले : या फाट्यावर हॉटेलामागे आडोसा आहे, बाईमाणसाला उतरता येईल. इथे पुढे वीस किलोमीटर आडोसा नाही. या शाळेतल्या बाईंकडे संडासाची किल्ली असते, विचारावी, त्या देतात. इथे पंपावर आहे, पण दाराला कडी नाही, सोबत घेऊन जावं.

मी वाचून दाखवलं तसे मामा संकोचले. "असलं गाइडात लिहितेत का?"

"का नाही?"

"कुण्या पुस्तकात न्हाई. त्या उर्दूवाल्यानंबी लिहिलं न्हाई."

"तो उर्दूवाला बाई नव्हता, मामा."

देगलूरच्या सडकेवर नरसीच्या आसपास होतो आम्ही. दोन्हीकडे कापसाची वेचणी चाललेली, बायका ओळीने वाकलेल्या. मग मामा बोलले, समोर बघतच.

"तुझी सासू माझ्यासंगं माहूरला एकदाच आली. ह्याच जीपमदी. साहेब सुट्टीवर व्हता. पहाटपासून तिनं पाण्याचा घोट घेतला न्हाई. म्या दर स्टँडवर इचारायचो, चहा घेतीस का? न्हाई म्हणायची. मला वाटायचं, हिला तहानच लागत न्हाई. दुसऱ्या दिसापासून तिला ताप. पुन्हा कधी ये म्हटलं तर आली न्हाई." मग म्हणाले, "तीस वरीस गाडी चालवली, अन् मला हे ठावं न्हाई. लिही. मोठ्या अक्षरात लिही."

त्यांचा तेव्हाचा आवाज मला आजही ऐकू येतो. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला, आणि सासूबाईंचं वाईट वाटलं. मी गाडी कडेला घेऊन तिथेच सगळं लिहून काढलं.

लातूर, अहमदपूर, उदगीर, कंधार, देगलूर, मुखेड. एकेक सडक होत गेली. थंडी वाढली, तूर सडकेवर आली. गावोगाव आम्ही ओळखीचे झालो. "जीपवाली सून आली" म्हणत लेकरं पळत यायची. कुठे हुरडा, कुठे ताक. एका गावात पाटलांनी मामांना खुर्ची दिली आणि मला विचारलं, "तुम्ही सरकारच्या का कंपनीच्या?" मी म्हटलं, "ह्यांच्या." पाटलांना ते पटलं नसावं, पण चहा आला.

शेवटी माहूरची सडक राहिली. भोकर, किनवट, मग सागाचं जंगल आणि घाट. संक्रांत तोंडावर आली होती. मामांना आता समोरचंही धूसर होतं, पण त्यांचं अंग सगळं ओळखत होतं. "आता उतार. आता डावं वळण, हॉर्न दे. आता वास आला का, ही सागाची गळती." त्यांचं एकही वळण चुकलं नाही. एका ठिकाणी ते म्हणाले, "थांब. उजवीकडं पायऱ्यांची विहीर हाय. पाणी लई गोड. ह्या सडकेवरचं सगळ्यात मोठं ठिकाण तेच. तीस वरसं रेडिएटरात हितलंच पाणी घातलं म्या."

मी उतरले. उजवीकडे बघितलं. काटेरी झुडूप, मुरमाचा ढीग, त्यावर उगवलेलं गवत. शंभर पावलं पुढे गेले, मागे आले. एक गुराखी होता, त्याला विचारलं, इथे काय आहे? तो म्हणाला, काही नाही, विहीर होती, बुजवली. मी परत येऊन गाडीला टेकून उभी राहिले. मामा वाट बघत होते. खोटं बोलायचा मोह झाला मला, हे कबूल करते. एक ओळ लिहून टाकली असती तर काय बिघडणार होतं?

"दिसंना ना?" त्यांनीच विचारलं.

"नाही मामा. बुजवलीय."

त्यांनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी पानावरून बोटं फिरवली, जणू अक्षरं लागतील, आणि वही परत माझ्याकडे दिली. "मग न्हाई. जे तुला दिसलं न्हाई ते लिहू नको. पाणी सोबत घ्यावं, असं लिही." पुढचा सगळा घाट ते ताठ बसून होते. वर पोचल्यावर म्हणाले, "झालं का गं? एकबी सडक राहिली न्हाई ना?" एकही राहिली नव्हती. सुगी सरायच्या आत आम्ही सगळ्या सडका बघून काढल्या होत्या.

नांदेडच्या एका लहान छापखान्यात पुस्तक निघालं. छापखानेवाल्याने विचारलं, पाहणी म्हणून नाव कुणाचं टाकू? मामा म्हणाले, "हिचं. डोळे हिचे हायत." पुस्तकं आम्ही जीपस्टँडवर दिली, पंपांवर ठेवली, स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे ठेवली. पुष्कळ ड्रायव्हरांनी ती सीटखाली टाकली असतील. पण दोन वर्षांनी एक अनोळखी बाई घर शोधत आली. नर्स होती, लसीच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरायची. तिच्या पर्समधलं पुस्तक तेलकट झालेलं, दोऱ्याने शिवलेलं. ती आत आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "दुसरं हाय का? हे फाटलं." मला पुढच्याच वर्षी अहमदपूरकडे नोकरी लागली होती. भूगोलाचीच. पण त्या बाईने मागितलेल्या दुसऱ्या प्रतीचा जो आनंद झाला तो नेमणुकीच्या कागदाचाही झाला नव्हता.

आता सडका चौपदरी झाल्या. वड तर गेलेच, गावंही बाजूला पडली. फोनमधली बाई पंप दाखवते, हॉटेल दाखवते, त्याला लोकांनी दिलेले तारे मोजून दाखवते. पण त्या पंपावरच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली मालक खिशात घालून गावात गेलाय, हे ती सांगत नाही. नव्या मोठ्या सडकेवर तास तास आडोसा नाही, हेही सांगत नाही. माझ्याबरोबरच्या मास्तरणी अजूनही निवडणुकीच्या कामाला जाताना सकाळपासून पाणी पीत नाहीत. मला याचा संताप येतो. म्हणून या सुगीला मी पुन्हा वही घेतली आहे. दर शनिवारी-रविवारी एक सडक. पंचावन्नाव्या वर्षी कंबर दुखते, मुलगी म्हणते, आई, ॲप बनवू ना. बनव म्हटलं, पण आधी मी उतरून बघणार, दार उघडून बघणार, कडी लावून बघणार. चार सडका झाल्या. उरलेल्या होतील. सोडणार नाही.

आणि सडकेच्या कडेला लिहीत बसले की ती दुपार आठवते. माघातली. पुस्तक छापून घरी आलं त्या दिवसाची. मामा अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, पाठीवरून हात फिरवला आणि मला परत दिलं. "वाच. पहिल्या ओळीपासून. माहूरची सडक." सासूबाई दारात गहू निवडत होत्या. मी वाचायला लागले. नांदेड सोडलं. भोकर आलं. मी वाचत होते आणि मामांचा उजवा पाय हलत होता, उताराला ब्रेक दाबायचा, चढाला सरकून ॲक्सिलरेटरवर जायचा. वळण आलं की ते खांदा किंचित वाकवायचे. किनवट गेलं. साग सुरू झाले.

एवढ्यात ऊन भिंतीवरून सरकलं आणि सरळ त्यांच्या तोंडावर आलं. मी मान वर केली. डोळे उघडे होते. ऊन थेट बुबुळांवर होतं, आणि मामांनी पापणी लववली नाही. कधीपासून असं होतं कोण जाणे. त्यांनी आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. माझं वाचन थांबलं. सासूबाईंचेही हात सुपातच थांबले.

"गाडी कामून थांबवलीस?" मामा म्हणाले.

"समोरून ऊन येतंय, मामा."

"येऊ दे. हळू घे, पण थांबू नको. उजेड हाय तवर माहूर गाठू."

मी पान उलटलं.